चढाला दम टाकणारी गाडी

आमच्या इंदापूर भागात चढ म्हणून नाहीच. उसाच्या फडांमधून रस्ता जातो तो थेट सपाट. मोठ्यात मोठा चढ म्हणजे हायवेवरचा उड्डाणपूल, आणि तोही गाडीला कळायच्या आत संपतो. अशा मुलखात मी चौतीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. बारामती रस्त्याला माझं गॅरेज. आता ते माझा पुतण्या बघतो. मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो आणि त्याच्या कामात नको तिथं बोलतो. सगळे मला मिस्त्रीच म्हणतात. बापूराव हे नाव फक्त रेशनकार्डाला माहीत आहे.

गाव सपाट असलं तरी माणसं बाहेर जातात. कुणी लेकीकडं साताऱ्याला, कुणी देवाला, कुणी थंड हवेला. परत येतात आणि म्हणतात, "मिस्त्री, हितं गाडी पळती, पण चढाला दम टाकती." ही तक्रार ऐकली की मी मनातल्या मनात हात जोडायचो. कारण गाडी माझ्यासमोर उभी असते ती सपाटीवर, आणि सपाटीवर तिला काहीच होत नसतं. दवाखान्यात गेल्यावर पोट दुखायचं थांबावं, तसा प्रकार.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचं आपल्यासारखंच असतं. आत हवा यायला पाहिजे, पोटात डिझेल जायला पाहिजे आणि धूर बाहेर पडायला पाहिजे. सपाटीला तिन्ही थोडं थोडं कमी असलं तरी भागतं. चढाला इंजिन तिन्ही गोष्टी पोटभर मागतं, आणि जिथं कमी पडतं तिथं ते बसतं. शिवाय क्लचप्लेट झिजलेली असेल तर इंजिन नुसतं ओरडतं आणि चाक फिरत नाही. म्हणजे बघायच्या जागा चार. पण त्या चार जागांमध्ये काय काय सापडेल याला काही नेम नाही.

एका गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीण व्याली होती. मालक ऊसतोडीच्या दिवसांत गाडी फडाच्या कडेला लावायचा. डबा उघडला तर आत चोथा, शेंगांची टरफलं आणि मधोमध पाच गुलाबी पिल्लं. गाडीला श्वासच घेता येत नव्हता. मालकानं पिल्लं टोपीत घेतली आणि बांधावर नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाला, "त्यांचं घर मोडलं, पण मिस्त्री, मला बी साताऱ्याला जायचं हाय."

दुसरे एक शाळामास्तर. गाडी नवी, हप्ते चालू, आणि तक्रार तीच. मी हवा बघितली, डिझेल बघितलं, दोन दिवस घातले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो. मंडईतून आल्यावर मास्तरांच्या बायकोनं भाजीची पिशवी दोन सीटच्या मधल्या दांड्याला अडकवली. तो दांडा हँडब्रेकचा. पिशवी घसरू नये म्हणून बाई तो दोन दात वर उचलून ठेवत असत. मास्तर गेले सहा महिने अर्धा ब्रेक लावूनच गाडी चालवत होते. मी पिशवी काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "झाली दुरुस्त." मास्तर महिनाभर गॅरेजवरून गेले की दुसरीकडं बघायचे.

असे किस्से मी चारचौघांत पुष्कळ सांगतो. त्यात शहाणा मी असतो. पण ज्या गाडीनं मला माझी जागा दाखवली तिचा किस्सा मी कुणाला फारसा सांगितलेला नाही. तो आता सांगतो.

ती गाडी सुरेखाताईंची. दहा सीटची, जुनी, डिझेलची. सुरेखाताईंचं माहेर लोणी भापकरचं. वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. त्यांच्या पिढीनंतर मेंढरं गेली आणि शेती राहिली. सासर आमच्या इंदापूरजवळच्या एका वस्तीवर. नवरा एकनाथ, शेतात राबणारा, शांत माणूस. गाडी चालवायच्या त्या सुरेखाताईच. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बाया पॅकिंगला जातात, त्यांना सकाळी वाड्या-वस्त्यांवरून घेऊन जायचं आणि संध्याकाळी आणून सोडायचं. आठ बाया आणि नववी ही. तीन वर्षांत एकही फेरी चुकली नव्हती.

त्यांच्या गाडीचं काम माझ्याकडंच असायचं. शेवटचं काम डिझेलच्या काट्याचं होतं. टाकी भरलेली असली तरी काटा तळालाच. मागची सीट उचलून, टाकीवरचं झाकण खोलून मी तो दुरुस्त करून दिला होता. त्यानंतर सात-आठ महिने गाडी बिनतक्रार चालली.

मग त्या बायांनी ठरवलं की वर्षातनं एकदा आपणही कुठं तरी जावं. पाचगणी ठरली. रविवारी पहाटे निघाल्या, बारामती, फलटण, वाई करत पसरणीच्या घाटाला लागल्या. आणि घाटाच्या मध्यावर गाडीनं दम टाकला. दाबावं तसं इंजिन मऊ पडत गेलं आणि बंद झालं. बाया उतरल्या, दोन वळणं पायी चढल्या. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली, पुन्हा बसल्या, पुन्हा बंद. पाचगणी काही झाली नाही. तिथनंच वळून परत आल्या.

सोमवारी ही गोष्ट कारखान्याच्या गेटपासून इंदापूरच्या एसटी स्टँडपर्यंत पोहोचली. पोहोचली ती अशी, की बाईला घाटात गियर टाकता येईना. एका बाईच्या नवऱ्यानं सुपरवायझरला जाऊन सांगितलं, माझी बायको या गाडीत बसणार नाही. सुपरवायझर सुरेखाताईंना म्हणाला, "मी काय म्हणत न्हाय, पण लोक म्हणत्यात. महिनाअखेर दुसरी गाडी बघावी लागंल."

सुरेखाताई माझ्याकडं आल्या तेव्हा मी काय केलं हे सांगताना आज लाज वाटते. मी बॉनेट उघडलं, डिझेल फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर झटकला, गाडी उड्डाणपुलावरून दोनदा नेऊन आणली. पळत होती. मी म्हणालो, "ताई, गाडीत काय न्हाय. माझ्या हातनं गेलेली गाडी हाय ही. घाटात तुमी वरच्याच गियरला दाबत असाल."

"दुसऱ्याला हुती," त्या म्हणाल्या. "मग पयल्याला घेतली. तरी बसली."

"मालकांना पाठवा एकदा. त्यांना समजावून सांगतो."

"त्यांना सायकल सोडून काय येत न्हाय," त्या म्हणाल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

त्यानंतर त्या बारामतीला एका मोठ्या गॅरेजला गेल्या. तिथं इंजिनात हवा कोंबणारा टर्बो बघितला, सायलेन्सर खोलला, सपाटीला फिरवून बघितली. आणि तिथंही ऐकायला तेच मिळालं. आठ दिवसांनी त्या पुन्हा माझ्या दारात उभ्या राहिल्या. गाडी बाहेर लावली, आत आल्या आणि माझ्यासमोरच्या टायरवर बसल्या.

"मिस्त्री, मी ल्हान हुते तवा मेंढरांमागं घाट चढलीया. चढ कुठं सुरू हुतो आणि कुठं छाती भरती, ते मला पायाला कळतं. गाडी बी तशीच बसती. उपाशी बकरू बसतंय तशी. तुमी एक डाव माझ्याबरुबर घाटाला चला. मी चुकत असंन तर तितंच सांगा. परत तोंड दाखवणार न्हाय."

उपाशी बकरू, या शब्दानं मी जरा हललो. कारण इंजिनाला डिझेल कमी पडतं तेव्हा ते नेमकं तसंच बसतं. हे ओळखायला एरवी मिस्त्री लागतो. या बाईनं ते स्टेअरिंगवर बसून ओळखलं होतं आणि मी तिचं अर्धंच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची सकाळची फेरी झाल्यावर आम्ही निघालो. बरोबर मी पाना-पक्कड, नळीचे तुकडे आणि डिझेलनं भरलेला पाच लिटरचा एक कॅन घेतला. सासवडवरून दिवे घाट उतरलो आणि खाली गाडी वळवली. आता वर चढायचं. मी म्हणालो, "उठा, मी चालवतो."

त्या शेजारी जाऊन बसल्या. मी ऐटीत दुसरा गियर टाकला. पहिली दोन वळणं छान गेली. मी त्यांच्याकडं बघून म्हणालोसुद्धा, "बघा, असं चालवायचं." तिसऱ्या वळणाच्या पुढं पायाखाली पेडल मऊ लागलं. पाय तळापर्यंत गेला तरी गाडी ऐकेना. पहिला गियर टाकला. दोन हिसके बसले आणि गाडी मधोमध बंद पडली. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

सुरेखाताई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, "मिस्त्री, चाकाला दगुड लावू का?"

"लावा," मी म्हणालो.

त्यांनी दगड लावला. मी घामाघूम होऊन बॉनेट उघडून उभा राहिलो. पाच-सात मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू झाली. हे मात्र महत्त्वाचं होतं. तुंबलेला फिल्टर असा विश्रांती घेऊन मोकळा होत नाही. काही तरी येऊन अडकत होतं आणि ओढ थांबली की सुटत होतं.

मी टाकीकडून येणारी नळी काढली आणि इंजिनाला थेट कॅनमधून डिझेल दिलं. कॅन बॉनेटखाली तारेनं पक्का बांधला, बॉनेटलाही दोरी बांधली. म्हणजे आता टाकी या खेळातून बाद. मग मी शेजारच्या सीटवर बसलो आणि म्हणालो, "आता तुमी चालवा."

सुरेखाताईंनी गाडी दुसऱ्या गियरला घेतली. मी त्यांच्या पायाकडं बघत होतो, खोटं कशाला बोलू. दाबायचं तिथं दाबत होत्या, सोडायचं तिथं सोडत होत्या. वळणाच्या आधी गियर, वळणात नाही. गाडी अशी चढली की एक भरलेला ट्रक आम्ही वरच्या टप्प्यात मागं टाकला. घाटमाथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "माझं काय चुकलं का?"

"न्हाय," मी म्हणालो. "दोष टाकीत हाय."

रविवारी गाडी माझ्याकडं सोडून त्या बाजाराला गेल्या. पुतण्या सुटे भाग आणायला बारामतीला गेला होता. मी एकटाच. डिझेल काढून घेतलं, टाकी खाली उतरवली आणि बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. तळाशी काही तरी पानासारखं चिकटलं होतं. वाकड्या तारेनं ओढून बाहेर काढलं. तळहाताएवढं जाड प्लॅस्टिक, डिझेलमध्ये राहून पिवळं आणि कडक झालेलं. त्याच्या कडेला हिरवी पट्टी होती.

ती पट्टी मी ओळखली. माझ्या शेतातल्या मक्याच्या बियाण्याच्या पिशवीची होती. टाकीचं तोंड उघडं ठेवून मला कुठं उठायचं झालं तर धूळ जाऊ नये म्हणून मी अशा पिशवीचा तुकडा कापून वर ठेवायचो. काट्याचं काम करताना मी जेवायला उठलो असणार, तुकडा ठेवला असणार, आणि परत येऊन झाकण बसवताना तो आत पडला असणार. सपाटीला तो बिचारा एका कोपऱ्यात पडून राहायचा. चढाला गाडीचं तोंड वर झालं की डिझेल मागं सरकायचं, त्याच्याबरोबर हा तुकडाही मागं यायचा आणि डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायचा. इंजिन जितकं जास्त ओढेल तितका घट्ट. इंजिन बंद झालं की मोकळा.

मी तो तुकडा घेऊन बाकड्यावर बसलो. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. भंगाराचा पिंप हाताच्या अंतरावर होता. "टाकीत कचरा हुता, काढला" एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं झालं नसतं. उलट बारामतीच्या मोठ्या गॅरेजला जे सापडलं नाही ते मला सापडलं, अशी माझीच वाहवा झाली असती. मी किती वेळ बसलो ठाऊक नाही. चहा आला होता, त्याच्यावर साय धरली.

सुरेखाताई पिशव्या घेऊन आल्या. मी तुकडा त्यांच्या हातात दिला.

"ह्यो नळीवर बसत हुता. म्हणून गाडी बसायची."

त्यांनी तो उलटापालटा करून बघितला. "ह्यो आत गेला कसा?"

"काट्याच्या कामाच्या येळी. माझ्या हातनं. तुमचं काय चुकलं नव्हतं, ताई. पयल्या दिवसापासनं माझंच चुकलं."

त्यांनी तुकडा परत माझ्या हातात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, मिस्त्री? मला ठावंच हुतं. ज्येंना ठाव न्हाय त्यांना सांगाल का?"

सोमवारी संध्याकाळी मी लोणी देवकरला कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. हातात तो तुकडा. इतकी वर्षं लोक आपली चूक माझ्याकडं घेऊन यायचे. स्वतःची चूक घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायची मला सवय नव्हती. पाळी सुटली. आठही बाया आल्या, सुपरवायझर आला, रिक्षावाले आणि पानटपरीवाले असेच जमले. बायकोला गाडीत बसू न देणारा नवराही मोटारसायकलवर टेकून उभा होता. मी तुकडा वर धरला आणि जे झालं ते सांगितलं. दिवे घाटात गाडी माझ्या हातात बंद पडली तेही सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

मग पार्वतीबाई पुढं आल्या. त्या सगळ्यांत वयानं मोठ्या, पॅकिंगला सगळ्यांत जुन्या.

"म्हंजी ह्या चिंधीपायी आमी दोन वळणं चालत चढलो?"

"व्हय, पार्वतीबाई."

"माझं गुडघं तवापास्नं दुखत्यात. आणि पाचगणी बी बघाया मिळाली न्हाय."

"चूक झाली माझी."

"मग त्येची भरपाई करा. पुढच्या रविवारी आमी परत निघतो. तुमी बी चला. गाडी बसली तर आमी बसू, तुमी ढकला."

आता सगळे हसले. सुपरवायझरही हसला आणि म्हणाला, "सुरेखाताई, उद्या सकाळी टायमात या." मोटारसायकलवाल्यानं गाडीला किक मारली आणि निघून गेला. मात्र दुसऱ्या दिवशी त्याची बायको तिच्या नेहमीच्या जागेवर होती, असं मला नंतर कळलं.

रविवारी मी सगळ्यात मागच्या आडव्या सीटवर, भाकरीच्या गठुड्याशेजारी. माझी बायको म्हणाली होती, आयुष्यात पहिल्यांदा कामाचे कपडे सोडून दुसरे घालून गाडीत बसताय. वाई सोडली आणि घाट सुरू झाला तशा बाया बोलायच्या थांबल्या. जिथून त्या पायी चढल्या होत्या ते वळण आलं. पार्वतीबाईंनी पुढची सीट घट्ट धरली. मी तर श्वासच धरला होता. टाकी मी तीनदा धुतली होती, फडक्यानं पुसली होती, आणि ते फडकं बाहेर आलंय ना हे दोनदा मोजून बघितलं होतं. तरी धरला. सुरेखाताईंनी वळणाआधी गियर उतरवला, गाडीनं एक लांब हुंकार दिला आणि वळण चढून गेली. पुढचंही गेलं. वर थंड वारा लागला तेव्हा बायांनी एकदम बोलायला सुरुवात केली, ती पाचगणीपर्यंत थांबली नाही.

दिवसभर त्या हिंडल्या. पठारावर बसून भाकरी, ठेचा, मटकीची उसळ खाल्ली. फोटो काढले, त्यातल्या एकात मला मधोमध उभं केलं आणि तो कारखान्यातल्या सगळ्यांना पाठवला. पार्वतीबाईंनी घोड्यावर बसून फेरी मारली आणि उतरल्यावर म्हणाल्या, "ह्येच्यापरीस आपली गाडी बरी."

निघताना सुरेखाताईंनी चावी माझ्यापुढं धरली.

"उतार तुमी घ्या, मिस्त्री. घाट चढताना मी रस्ताच बघितला. जरा खिडकीतनं बघू द्या."

मी स्टेअरिंगवर बसलो. त्या मधल्या सीटवर खिडकीशी बसल्या, शेजारी पार्वतीबाई. पहिल्या वळणाला मागून कुणी तरी म्हणालं, "मिस्त्री, गियर बघा बरं." सगळ्या हसल्या. दुसऱ्या वळणाला मी आरशात बघितलं. सुरेखाताई झोपल्या होत्या. डोकं पार्वतीबाईंच्या खांद्यावर, तोंड जरासं उघडं, आणि खिडकीबाहेर सगळी कृष्णेची दरी तशीच पडलेली. रोज पहाटे उठून आठ जणींना न्यायचं आणि आणायचं, त्यात कधी कुणाच्या गाडीत त्यांना अशी झोप लागली असेल असं वाटत नाही.

पार्वतीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बाया गप्प झाल्या. मी गाडी खालच्या गियरला टाकली आणि ब्रेक असा जपून वापरत राहिलो, की त्यांची मान हलू नये. वाईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.